रिकॉलचा मेसेज आलाय पण बाइक मस्त चालतेय, तरी शोरूमला न्यायलाच हवी का?

हो, न्या. आणि या आठवड्यातच न्या. रिकॉल म्हणजे बनवतानाचा दोष कळल्यावर कंपनी स्वतः गाड्या बोलावून तो पार्ट फुकट दुरुस्त करते किंवा बदलून देते.

तुम्ही लिहिलंय की गाडी सेकंड हँड आहे, मेसेज पहिल्या मालकाच्या नंबरवर आला, त्याने तो तुम्हाला फॉरवर्ड केला आणि वाड्यावरचा मेकॅनिक म्हणतो चालत्या गाडीला उगाच हात लावू नका. मी गोव्यातल्या म्हापशाचा, आणि माझ्या भावाचा रेंट-अ-बाइकचा धंदा आहे, त्यामुळे हा विषय आमच्या घरी जेवतानासुद्धा निघतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"मस्त चालतेय" हे रिकॉलच्या बाबतीत धरायचंच नाही. 2021 च्या डिसेंबरात रॉयल एनफिल्डने मागे ड्रम ब्रेक असलेल्या 26,300 क्लासिक 350 परत बोलावल्या होत्या. मागचा ब्रेक मारल्यावर जो जोर येतो तो झेलायला स्विंगआर्मवर (मागचं चाक धरून ठेवणाऱ्या दांड्यावर) एक ब्रॅकेट असतो, पेडलवर एकदम खूप जास्त जोर पडला तर तो खराब होऊन ब्रेक कमी लागण्याची शक्यता होती. आता रोज ऑफिसला पणजीला जाणारा माणूस एवढा करकचून ब्रेक कधी मारतो? पर्वरीच्या उतारावर एखाद दिवशी गुरं आडवी आली तरच ना. म्हणजे बाकी सगळे दिवस गाडी मस्तच चालणार, आणि ज्या दिवशी तो ब्रॅकेट धड असायला हवा त्याच दिवशी कळणार की तो धड नव्हता.

दुसरं उदाहरण आपल्या पावसाशी संबंधित आहे. जुलै 2024 मध्ये सुझुकीने ॲक्सेस, बर्गमन आणि अव्हेनिस मिळून साधारण 3 लाख 88 हजार स्कूटर बोलावल्या, कारण इग्निशन कॉइलच्या हाय टेन्शन वायरमध्ये, म्हणजे प्लगला ठिणगीसाठी वीज नेणाऱ्या वायरमध्ये, दोष होता, इंजिनच्या हादऱ्याने ती वायर सारखी वाकून तिला चिरा पडू शकतात आणि इंजिन मध्येच बंद पडू शकतं, पाणी लागलं तर अजून त्रास. आता हीच गोष्ट जून-जुलैत गोव्यात झाली तर आपण काय करतो? गाडी बंद पडली की ढकलत कडेला घेतो, मेकॅनिक प्लग काढून पुसून देतो, थोडं ऊन पडलं की गाडी सुरू होते आणि सगळे म्हणतात पाणी गेलं असेल. वायरकडे कोणी बघतच नाही. तुमच्या मेकॅनिकचा हात चांगला असेल, त्याबद्दल मला शंका नाही, पण कंपनीला जो दोष कळलाय तो त्याला बाहेरून दिसणार कसा?

लोक अजून एक म्हणतात, की रिकॉल आला म्हणजे कंपनीच भंगार. मला हे अजिबात पटत नाही. उघड सांगून फुकट पार्ट बदलून देणारी कंपनी, सर्व्हिसिंगच्या वेळी गुपचूप बदलणाऱ्यापेक्षा कधीही बरी. आपल्याकडे 2012 पासून कंपन्यांच्या संघटनेचा स्वेच्छेने रिकॉल करायचा नियम होता, मग 2019 च्या मोटार वाहन कायद्याच्या दुरुस्तीत सरकारला रिकॉलचा आदेश द्यायचा अधिकार मिळाला आणि 1 एप्रिल 2021 पासून 7 वर्षांपर्यंतच्या गाड्यांसाठी कंपन्यांना दंड ठरला, 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत.

आता तुमचं काम. फॉरवर्ड आलेल्या मेसेजवरच्या लिंकवर जाऊ नका. आरसी काढा, त्यावरचा 17 अक्षरी चॅसी नंबर कंपनीच्या स्वतःच्या वेबसाइटवर टाका किंवा शोरूमला फोन करून तपासून घ्या. तोच नंबर गाडीवर पण जुळवून बघा, बहुतेक बाइकना हँडलच्या खाली, पुढच्या फोर्कजवळच्या पाइपवर कोरलेला असतो, आपल्याकडे त्यावर लाल माती आणि गंज चढलेला असतो, तर रॉकेलच्या फडक्याने घासून टॉर्च तिरका मारा म्हणजे अक्षरं दिसतात. रिकॉल गाडीवर असतो, मालकावर नाही, त्यामुळे पहिला मालक कोण याच्याशी संबंध नाही. शोरूमला गेलात की तुमचा मोबाइल नंबर रेकॉर्डला टाकायला सांगा. आमच्याकडे गाडी डिचोलीहून मडगावला, मडगावहून पेडण्याला अशी तीन-तीन हातांतून फिरते आणि कंपनीकडे नंबर मात्र पहिल्याचाच राहतो, रिकॉलमधून सगळ्यात जास्त गाड्या इथेच सुटतात असं मला वाटतं.

पैसे द्यायचे नाहीत. भावाच्या एका स्कूटरच्या वेळी एका शोरूमने सांगितलं की आधी पेड सर्व्हिसिंग करा मग रिकॉलचं बघू. भाऊ शांतपणे म्हणाला की जॉब कार्डवर (शोरूम गाडीचं काम लिहून देतं त्या कागदावर) फक्त रिकॉलचं काम लिहा, नाही करणार असं असेल तर तेही लिहून द्या. मग झालं काम. तुम्हीही तसंच सांगा, आणि ऐकलं नाही तर कंपनीच्या कस्टमर केअरला लेखी तक्रार टाका.

रेंटवाल्यांबद्दल मात्र मला खरंच कळकळ वाटते. फेब्रुवारी 2024 मध्ये यामाहाने फसिनो आणि रे झेडआर मिळून साधारण 3 लाख स्कूटर ब्रेक लिव्हरच्या कामासाठी बोलावल्या. रेंटवर अशाच 125 सीसीच्या स्कूटर असतात आणि फेब्रुवारी म्हणजे आपला पर्यटकांचा सीझन. काळ्या पाटीची (भाड्याची) गाडी एक दिवस उभी राहिली की भाडं बुडतं हे मला माहीत आहे, पण जो पाहुणा ती घेऊन बागा बीचला जातो त्याला त्या गाडीचा ब्रेक एरवी कसा लागतो हेच माहीत नसतं, त्याला काय फरक कळणार? भाऊ रिकॉल आला की दोन-दोन गाड्या पाठवतो, सकाळी देऊन संध्याकाळी परत. बाकी रेंटवाल्यांनी पण हे करावं.

काम झालं की जुना पार्ट काढलाय का विचारा, जॉब कार्डचा फोटो काढून आरसीच्या कॉपीबरोबर ठेवा. पुढे गाडी विकलीत तर घेणाऱ्याला तो द्या. तुमची गाडी कुठली, कुठल्या महिन्यात बनलेली ते कमेंटमध्ये टाकलंत तर मी बघून सांगतो.