खिशातली वही आणि गणपत गल्ली

चित्रात काय काढू, हा तुझा प्रश्न मलाही वर्षभर छळत होता. तू एक कर. खिशात मावेल एवढी वही आणि ४बी ही मऊ, गडद पेन्सिल घे, सकाळी बेळगावच्या बाजारात, गणपत गल्लीत एका कडेला उभा राहा. भाजीवाल्या मावशी मेथीची जुडी बांधताना मान कशी कलते, पदर कुठे खोचलेला असतो, एवढंच दोन मिनिटांत टिप. चेहरे नंतर. माणूस हलला की ती रेघ तशीच सोड, पुढची धर. खोडरबर घरीच ठेव.

रंगासाठी पावसाळ्यात खानापूरला जा. भिजलेल्या कौलांचा लाल इतका खोल होतो, की नुसत्या बर्न्ट सिएनावर, म्हणजे तांबूस तपकिरी रंगावर, भागत नाही, चिमूटभर निळा मिसळावा लागतो. हे मी ओल्या भिंतीपाशी बसूनच शिकलो. बेळगावच्या किल्ल्यातली १२०४ सालची कमल बस्ती, म्हणजे जुनं जैन मंदिर, तेही बघ. छतातलं दगडी कमळ काढताना सावली कशी वाचायची ते उमगतं.

शैलीची मात्र घाई नको, बाळा. शंभर पानं भरली की वही पहिल्यापासून चाळ. हात म्हण, छत्र्या म्हण, जे पुन्हापुन्हा काढलंयस, पुढचं मोठं चित्र त्याचंच कर.