नागपूरच्या अंबाझरी तलावावरील सूर्यास्ताच्या छायाचित्रात आकाश पांढरे का पडते आणि चित्र रिकामे का वाटते?

आपल्या दोन्ही अडचणींपैकी पहिली प्रकाशमापनाची आहे. आकाश आणि पाणी यांच्या उजेडातील तफावत मोठी असल्याने कॅमेरा सरासरी काढतो व आकाश जळते, म्हणजे तपशील हरवून पांढरे पडते. म्हणून एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (चित्र मुद्दाम उजळ वा गडद करण्याची सोय) उणे १च्या आसपास ठेवून हिस्टोग्राम, म्हणजे चित्रातील उजेड-अंधाराचा आलेख, पाहावा आणि छायाचित्र रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) घ्यावे, कारण सावलीतील तपशील पुढे बराच उजळता येतो, जळालेला भाग मात्र परत मिळत नाही. सूर्यबिंब पांढरे राहिले तरी चालेल, भोवतालचा केशरी रंग टिकला पाहिजे. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगछटेचे सेटिंग, ‘डेलाइट’वर ठेवावा, कारण ‘ऑटो’मुळे हा केशरी रंग पुसट होतो.

रचनेकडे मी अधिक लक्ष द्यायला सांगेन. बांधावरून पश्चिमेकडे नुसते पाणी आणि आकाश टिपल्यास नजर कुठेच थांबत नाही, त्यामुळे काठावरचा दगड, वाकलेली फांदी किंवा एखादा माणूस पुढे घ्यावा आणि त्याची आकृती मागच्या झाडीत मिसळणार नाही इतके खाली बसावे. ढग सुंदर असतील तर क्षितिज खालच्या तिसऱ्या भागात, प्रतिबिंब सुंदर असेल तर वरच्या.

नागपुरात मावळतीचा बिंदू जूनमध्ये पश्चिमेच्या उत्तरेस सुमारे २५ अंश, तर डिसेंबरमध्ये दक्षिणेस तितकाच सरकतो, हे जागा निवडताना ध्यानात ठेवावे. सूर्य बुडाल्यावरही वीस मिनिटे तिथेच थांबावे. तेव्हा तफावत कमी होते, आणि ट्रायपॉड असल्यास आयएसओ (प्रकाशसंवेदनशीलता) १०० व एफ/८ या छिद्रमापावर पाण्यातले रंगही उमटतात.