होडीच्या पोटातली जीप

प्रश्न : शिरूरजवळ आमच्या आजोळी गोठ्यामागे एक जुनी मिलिटरीची गाडी पडून आहे. पुढून होडीसारखी, मागे पंखा. आजोबांनी ती महायुद्धानंतरच्या लिलावात घेतली असं मामा सांगतात. आता भंगारवाला रोज फेऱ्या मारतोय. ती वाचवण्यासारखी आहे का? सुरुवात कुठून करू? फोटो सोबत जोडले आहेत. – एक वाचक, चिंचवड

उत्तर : आधी मामांना फोन करा आणि भंगारवाल्याला नाही म्हणायला सांगा. मग पुढचं वाचा.

फोटोत नाकावर दोर ओढायचा उभा रूळ दिसतो, लाट अडवायची घडीची फळी दिसते आणि मागे खोबणीत पंखा व सुकाणू आहे. ही फोर्डची जीपीए, म्हणजे पाण्यावर चालणारी जीप. १९४२-४३ मध्ये अशा १२,७७८ गाड्या बनल्या. इंजिन साध्या जीपचंच, चार सिलिंडर, २.२ लिटर, ६० अश्वशक्ती. वजन साधारण १,२०० किलो ठरलं होतं, ते १,६०० च्या वर गेलं आणि होडीचा आकार मात्र तेवढाच ठेवला. त्यामुळे काठ पाण्याच्या जेमतेम वर राहायचा, समुद्राच्या लाटा आत यायच्या. म्हणून तिचं उत्पादन लवकर थांबलं. शांत पाण्यात मात्र ती आपलं काम नीट करते.

आपल्या देशाशी तिचं एक नातं आहे. बेन कार्लिन नावाचा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर युद्धात भारतीय सैन्यात होता. १९४६ मध्ये बंगालमधल्या कलाईकुंडाच्या विमानतळावर त्याला अशी एक जीप दिसली आणि हिच्यातून जगाला फेरी मारायची असं त्याच्या डोक्यात बसलं. १९५० मध्ये पत्नीला घेऊन त्याने जीपमधून अटलांटिक ओलांडायला सुरुवात केली आणि १९५८ मध्ये फेरी पुरी केली. तुमच्या गोठ्यामागे जी उभी आहे ती त्याच जातीची. मी लष्करी वर्कशॉपात एकतीस वर्षं काढली, तरी ही गोष्ट आठवली की अजून अंगावर काटा येतो.

आता काम. गाडी ओढून काढायची घाई नको. ब्रेक जाम असतात, दोर बांधून ट्रॅक्टरने खेचली तर कुजलेला पत्रा फाटतो. आत साठलेली माती आणि पाला हाताने उपसा, तळाचे ड्रेन प्लग मोकळे करा, वर ताडपत्री टाका, पण बाजूंनी वारा खेळू द्या. चाळणीतून माती चाळून घ्या. मला अशा मातीत मूळचा डेटा प्लेट, म्हणजे गाडीची माहिती कोरलेला पत्र्याचा तुकडा, सापडला होता, आणि तो नसता तर कागदपत्रांचं काम अडलं असतं. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि ऑइल सोडा, आठ-दहा दिवस मुरू द्या, मग हँडलने हळूच हलवून बघा. स्टार्टर मारायचा नाही.

खरं दुखणं पोटाच्या पत्र्यात असतं. लाकडी मुठीच्या छोट्या हातोडीने तळ ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आवाज आला तिथे खडूने गोल करा. सरसकट सँड ब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने गंज उडवायला, देऊ नका. भोसरीत मी एका जीपचं काम केलं तेव्हा घाईने अख्खं पोट ब्लास्टिंगला दिलं. पातळ पत्र्याला लहरी पडल्या आणि गंजाने धरून ठेवलेल्या जागा चाळणीसारख्या उघड्या पडल्या. चार महिने नवे तुकडे बसवण्यात गेले. तुम्ही वायर ब्रशने, हाताने करा. गेलेला भाग कापून तेवढ्याच जाडीचा पत्रा सीओटू वेल्डिंगने टाक्याटाक्याने, जागा बदलत जोडा. फायबर किंवा डांबर थापून भोकं बुजवू नका. वरून सुंदर दिसतं आणि आतून गंज खात राहतो.

सगळे सांधे झाले की खडू-रॉकेलची चाचणी घ्या. बाहेरून सांध्यावर खडूचं पातळ पाणी लावून वाळवा, आतून रॉकेल किंवा डिझेल फिरवा. तासाभरात बाहेरच्या पांढऱ्यावर ओला डाग उमटला की तिथे भोक. ही चाचणी दोनदा घ्या. त्यानंतरच रेड ऑक्साइडचा, म्हणजे गंज रोखणाऱ्या रंगाचा, हात.

पंख्याचा दांडा पोटातून बाहेर पडतो तिथे पंपासारखीच पाणी अडवणारी ग्लँड दोरी असते. तुमच्या गावचा पंप मेकॅनिक ती डोळे मिटून भरेल. ॲक्सलकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सील मात्र नव्याच घ्या, जुन्या चालवून बघू नका. १९९९ मध्ये अमेरिकेत आर्कान्सातल्या एका तलावावर पर्यटकांना फिरवणारी जुनी लष्करी उभयचर गाडी बुडाली आणि १३ माणसं गेली. मागच्या दांड्यावरचा रबरी बूट, म्हणजे पाणी अडवणारं वेष्टण, नीट आवळलेला नव्हता. त्यात वरचं छत, त्यामुळे लोकांना बाहेर पडता आलं नाही. छत लावायचा विचार असेल तर तो आजच सोडा.

पहिल्यांदा पाण्यात सोडताना शेततळं निवडा, खडकवासला नको. हायड्रा क्रेनच्या पट्ट्यात लटकवून उतरवा, अर्धा तास पाण्यावर ठेवा, आत कुणी बसायचं नाही. कुठून पाणी येतं ते टॉर्चने बघा आणि वर घ्या. धरणाच्या जलाशयात उतरायला जलसंपदा खात्याची परवानगी लागते, ती मिळेपर्यंत शेततळंच बरं.

नोंदणीचं एवढंच. २०२१ च्या विंटेज नियमात ५० वर्षांवरची, मूळ रूपातली चारचाकी नंबराच्या ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत १० वर्षं. रोजच्या वापराला ती रस्त्यावर आणता येत नाही. चॅसी, बॉडी, इंजिनमध्ये मोठा बदल केला तर हा दर्जा मिळत नाही, म्हणून डिझेल इंजिन बसवायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

प्रश्न : ‘डक’ म्हणतात ती हीच का? – एक वाचक, तळेगाव

उत्तर : नाही. डक ही सहाचाकी ट्रकवरची, जनरल मोटर्सची, ९.४ मीटर लांब. सुमारे २१,००० बनल्या. नाव डीयूकेडब्ल्यू या कारखान्याच्या सांकेतिक अक्षरांवरून पडलं, डी म्हणजे १९४२ साल. ड्रायव्हरला बसल्या जागी टायरची हवा कमी-जास्त करता यायची, त्यामुळे ती वाळूत रुतत नसे. पाणी उपसायचे पंप इतके दणकट की पाच सेंटिमीटरचं भोक पडलं तरी तरंगत राही. लष्करातल्या बऱ्याच जणांना ती नको होती. मग डिसेंबर १९४२ मध्ये अमेरिकेतल्या प्रॉव्हिन्सटाउनजवळ तटरक्षकांची बोट वादळात वाळूवर अडकली, तेव्हा एका डकने सातही जणांना बाहेर काढलं, आणि विरोध मावळला.

प्रश्न : जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावर आमच्या सोसायटीत पाणी शिरलं. अशी गाडी दुरुस्त करून पुरात वापरता येईल का? – एक वाचक, पुणे

उत्तर : तुमची तळमळ मला कळते, तरी नको. पाण्यात या गाड्या ताशी आठ-दहा किलोमीटरच धावतात, मुठेच्या पुराचा जोर त्याहून जास्त असतो. जलपर्णी पंख्याला गुंडाळली की गाडी निव्वळ पत्र्याची पेटी. पाण्याखाली बुडालेल्या दुचाक्या आणि रेलिंगवर ऐंशी वर्षांचा पातळ पत्रा घासला तर फाटेल, आणि माणसं आत असतील. सोसायटीने मिळून रबरी बोट, दोर आणि लाइफ जॅकेट घ्यावीत. जॅकेट तळमजल्यावर नाही, जिन्याच्या वरच्या मजल्यावर ठेवावीत आणि मे महिन्यात एकदा सगळ्यांनी घालून बघावीत.