तिचा गेम आधी नीट खेळून बघा

प्रश्न : माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, गुण ७८ टक्के. तिला व्हिडिओ गेम्स बनवायचे आहेत आणि माझा तिला पूर्ण पाठिंबा आहे. मी पाच वर्षांचा आराखडाही केला आहे : थ्रीडी ॲनिमेशनचा कोर्स, भारी ग्राफिक्स कार्डाचा संगणक, रोज दोन तास सॉफ्टवेअरचा सराव. पण ती काळ्या पडद्यावर एक पांढरा ठिपका फिरवत बसते. ठिपका चालला की भोवतीचा उजेड आटतो, थांबला की वाढतो. एवढाच तिचा गेम. असल्या गोष्टींनी करिअर होत नाही, हे मी तिला समजावलं. तेव्हापासून ती मला काहीच दाखवत नाही. तिच्या संगणकातून फाइल घेऊन सोबत पाठवत आहे. तिच्यात गुणवत्ता आहे का आणि कोणता कोर्स सर्वोत्तम, ते कळवावं. – एक पालक

उत्तर : ती फाइल मी उघडलेली नाही आणि उघडणारही नाही. आपलं अर्धवट काम आपल्याला न विचारता कुणा अनोळखी माणसाकडे तपासायला गेलं, हे कळल्यावर तुमच्या मुलीला काय वाटेल याचा विचार करा. आणि ते तिला तुम्हीच सांगा, दुसरीकडून कळू देऊ नका.

‘पूर्ण पाठिंबा’ हे तुमचे शब्द मी पुन्हा पुन्हा वाचले. मुलांना आवडीच्या क्षेत्रातून ओढून बाहेर काढणारे पालक मला नेहमी लिहितात. त्या मुलांची घुसमट होते, पण निदान त्यांची आवड त्यांच्याकडे शाबूत असते. ती मनाशी धरून ती आई-वडिलांशी भांडू तरी शकतात. तुमच्या मुलीला तेवढीही जागा उरलेली नाही. तिची आवडच तुम्ही चालवायला घेतलीत. तिनं काय शिकायचं, कुठल्या यंत्रावर, दिवसाचे किती तास, हे तुम्ही ठरवलं आणि तिनं स्वतः जे केलं त्याला ‘असल्या गोष्टी’ म्हणालात. तिनं दाखवणं बंद केलं यात मला नवल वाटत नाही. हा दबावच आहे. तुमचं प्रेम खरं आहे याबद्दल मला शंका नाही, पण त्यामुळे दबाव हलका होत नाही.

आता तुमच्या समजाबद्दल. चांगला गेम म्हणजे डोळे दिपवणारी चित्रं, असं तुम्ही धरून चालला आहात. १९८४ साली मॉस्कोमध्ये अलेक्सी पाजित्नोव्ह यांनी ‘टेट्रिस’ बनवला तो ‘इलेक्ट्रॉनिका ६०’ नावाच्या संगणकावर. त्या यंत्राला चित्रं काढताच येत नव्हती, म्हणून वरून पडणारे तुकडे त्यांनी कंसांच्या चिन्हांनी रचले. तुकड्यांचे आकार सात, प्रत्येकात चार चौकोन, ओळ भरली की नाहीशी. चार दशकं झाली, लोक तो अजून खेळतात. ‘माइनक्राफ्ट’मधलं जग आजही ठोकळ्यांचं आहे आणि त्याच्या ३० कोटींहून जास्त प्रती विकल्या गेल्या आहेत. चित्रांचं मोल मी कमी लेखत नाही. सुंदर दृश्यांनी माणूस गेमकडे वळतो, पण दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येतो ते नियमांमुळे. थोडक्या नियमांतून दरवेळी नवा पेच उभा राहिला पाहिजे आणि त्या पेचात खेळणाऱ्याला खरी निवड करावी लागली पाहिजे. ‘टेट्रिस’मध्ये हा तुकडा आत्ता इथे बसवून सुटका करून घ्यायची, की उभ्या दांड्यासाठी एका कडेला खाच राखून धोका पत्करायचा, हे दर काही सेकंदांनी ठरवावं लागतं. त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही.

आता तिच्या ठिपक्याकडे बघा. चाललं की उजेड जातो, थांबलं की येतो. म्हणजे पुढे जायचं तर आंधळेपणा सोसायचा आणि बघायचं तर जागीच राहायचं. प्रत्येक पावलाला किंमत आहे! शिकाऊ मुलं बहुधा चाळीस पात्रं आणि तीन राज्यांच्या कथेपासून सुरुवात करतात, खेळणारा नेमकं करणार काय हे त्यांनी ठरवलेलंच नसतं. तुमच्या मुलीनं मात्र खेळणारा काय करणार, इथूनच सुरुवात केली आहे. गुणवत्तेबद्दल विचारलंत ना? तुम्ही कुचेष्टेनं लिहिलेल्या त्या दोन वाक्यांत मला ती दिसली.

कल्पनेत एक अडचणही दिसते. थांबणं फुकट असेल, तर हुशार खेळाडू एक पाऊल टाकेल, थांबेल, बघेल, पुन्हा एक पाऊल टाकेल. गेम कंटाळवाणा होईल. थांबण्यालाही काही किंमत हवी. कदाचित तिनं त्याची सोय केलीही असेल. नसेल, तर हे कोडं सोडवताना ती जे शिकेल ते कुठल्याही ॲनिमेशनच्या कोर्सच्या पहिल्या वर्षात शिकणार नाही.

असं कितीतरी शिकायचं आहे, आणि त्यातलं बरंचसं डोळ्यांना दिसतही नाही. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ची पहिली लेव्हल घ्या. मारिओ पडद्याच्या डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे मोकळी जागा, म्हणून आपण उजवीकडे जातो. पहिला शत्रू लगेच समोरून येतो. त्याला धडकून मेलो तरी फारसं काही गमावत नाही, आणि उडी मारायची असते हे कुणी न सांगता कळतं. पुढे ठोकळ्यातून निघालेला मशरूम पाइपाला आपटून आपल्याकडेच परत येतो. तो चुकवायचा म्हटलं तरी सहज चुकवता येत नाही, आणि अंगाला लागल्यावर मारिओ मोठा होतो. सूचनांचा एक शब्द नाही, तरी खेळाडू शिकतो. २०१८ च्या ‘सेलेस्ट’मध्ये कड्यावरून पाय सुटल्यानंतरही क्षणाचा काही भाग उडीचं बटण चालतं. खेळणाऱ्याच्या ते लक्षातही येत नाही. आपण वेळेवर उडी मारली असंच त्याला वाटतं. हा गेम फार कठीण आहे, तरी तो आपल्यावर अन्याय करतो असं वाटत नाही, त्यामागे अशी शेकडो बारीक कामं आहेत. मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे. खेळणाऱ्याच्या हाताची इतकी काळजी घेणारं काम ‘टाइमपास’ कसं असेल?

कोर्सचं म्हणाल तर संगणकशास्त्र किंवा डिझाइन, दोन्ही पदव्यांच्या वाटेनं या क्षेत्रात जाता येतं. थ्रीडी ॲनिमेशन हे या क्षेत्रातलं एक वेगळं आणि चांगलं काम आहे, पण तुमच्या मुलीचा ओढा तिकडे असल्याचं पत्रात कुठेच दिसत नाही. काम मागताना प्रमाणपत्राइतकंच, अनेकदा त्याहून जास्त, पूर्ण केलेले छोटे गेम्स बघितले जातात. अमेरिकेतल्या ‘डिजिपेन’ या गेम बनवायला शिकवणाऱ्या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी २००५ साली एक लहानसा गेम केला होता. भिंतींवर दोन दारं उघडायची, एकातून शिरायचं आणि दुसऱ्यातून निघायचं, ही त्यातली कल्पना. तो पाहून ‘व्हॉल्व्ह’ कंपनीनं त्या चमूला नोकरी दिली आणि त्यातूनच २००७ चा ‘पोर्टल’ आला. प्रत्येकाचं असं होत नाही, हे तिलाही ठाऊक असू द्या. या क्षेत्रात नोकऱ्या जातात, वर्षानुवर्षं खपून केलेले गेम्स कुणी विकत घेत नाही. म्हणून पदवी घ्यावीच आणि ती इतरत्रही उपयोगी पडेल अशी असावी. पण तुमचा पाच वर्षांचा आराखडा बाजूला ठेवा. भारी संगणक आत्ता नको.

फाइलबद्दल तिची माफी मागा आणि तिचा गेम खेळायला मागा. ती नाही म्हणाली तर थांबा. हो म्हणाली, तर तिच्यासमोर बसून खेळा आणि खेळताना बोलू नका. तिला तुमच्याकडे बघू द्या : तुम्ही कुठे अडखळता, कुठे घाई करता, कुठे कंटाळून हात मागे घेता. गेम बनवणारे लोक याला प्लेटेस्टिंग म्हणतात आणि ते पुन्हा पुन्हा करतात. खेळून झाल्यावर ‘इथे मला कळलं नाही’, ‘इथे भीती वाटली’ एवढंच सांगा. काय बदलायचं ते तिचं ती ठरवेल. नंतर हाच गेम गेम्स न खेळणाऱ्या आणखी चार-पाच जणांना खेळायला देता येईल का, हे तिला विचारा. जमवाजमव करायला तुम्ही आहातच, ती हौस इथे कामी येईल.

हा एवढासा गेम ती पूर्ण करेपर्यंत कोर्सचा निर्णय लांबवा. पूर्ण करताना तिला प्रोग्रामिंगमध्ये रमायला होतं की लेव्हल्स आखण्यात, आवाजात की चित्रांत, हे तिचं तिलाच कळेल, आणि पदवीची निवड त्यावर करता येईल. त्या वेळी तिला काही विचारावंसं वाटलं तर तिनं स्वतः लिहावं. ते उत्तर मी तिला पाठवीन.