ब्रेन ट्यूमरचा एमआरआय झालेला असताना परत पर्फ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी कशाला? त्यावरून ग्रेड कळतो का?

ताई, तुमचा प्रश्न वाचला. भावाला, वय 38, अचानक फिट आली, एमआरआय काढला, रिपोर्टात उजव्या फ्रंटल लोबमध्ये (मेंदूच्या पुढच्या भागात) गाठ, ग्लायोमा (मेंदूच्या आधार देणाऱ्या पेशींची गाठ) वाटतोय, पर्फ्युजन आणि स्पेक्ट्रोस्कोपी करून घ्या असं लिहून आलं. आता परत मशिनमध्ये घालायचं म्हणतायत तर हा पैसे काढायचा धंदा आहे का, आणि हे केल्यावर ग्रेड (गाठ किती जोरात वाढणारी त्याचा 1 ते 4 नंबर, 1-2 म्हणजे लो, 3-4 म्हणजे हाय) कळून बायोप्सी (गाठीचा तुकडा काढून तपासणं) टळेल का, असं तुम्ही विचारलंय.

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. मिरजेकडे एमआरआय टेक्निशियन आहे, 14 वर्षं झाली, डोक्याचे स्कॅन रोजचेच. म्हणजे मी जे सांगतोय ते काचेच्या या बाजूला कन्सोलवर बसून बघितलेलं आणि आमच्या रेडिओलॉजिस्ट मॅडमकडून शिकलेलं आहे, काय करायचं ते तुमचे न्यूरोसर्जनच ठरवणार.

धंदा आहे का? ग्लायोमाच्या बाबतीत बहुतेक वेळा नाही. बायोप्सी टळेल का? बहुतेक नाही टळणार. मग हे सगळं करायचं कशाला, तर गाठीतला तुकडा नेमका कुठनं घ्यायचा हे त्यातनं कळतं, आणि माझ्या मते त्याची खरी किंमत तिथंच आहे. लोक ग्रेडच्या आशेनं येतात आणि रिपोर्टात "हाय ग्रेडची शक्यता" एवढंच वाचून चिडतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

साध्या एमआरआयत गाठ कुठंय, केवढी आहे, आजूबाजूला सूज किती, हे दिसतं. मग कॉन्ट्रास्ट देतात, आम्ही नुसतं डाय म्हणतो, ते गॅडोलिनियमचं असतं, 1988 पासून वापरात आहे. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट असतात की ही डाय एरवी बाहेर झिरपतच नाही, जिथं भिंत बिघडलीय तिथंच झिरपते आणि ती जागा पांढरी चमकते. त्यामुळे नातेवाईक फिल्म उजेडाकडे धरून बघतात आणि चमकली म्हणजे वाईट, नाही चमकली म्हणजे सुटलो असा हिशोब करतात. हा हिशोब चुकीचा आहे हो. मेनिन्जिओमा म्हणजे मेंदूच्या आवरणाची गाठ बघा, बहुतेक ग्रेड 1 असतो, आणि चमकतो असा की ट्यूबलाइट लावल्यासारखा. लहान मुलांच्यातला पायलोसायटिक अॅस्ट्रोसायटोमा (ग्लायोमाचाच एक प्रकार) पण ग्रेड 1, तोही चमकतो. उलट काही ग्लायोमा अजिबात चमकत नाहीत आणि तुकडा तपासला की ग्रेड 3 निघतात. झिरपणं आणि वाढीचा जोर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पर्फ्युजन त्यासाठीच. गाठ वाढायला रक्त लागतं, जोरात वाढणारी गाठ स्वतःसाठी नवीन रक्तवाहिन्या फुटवून घेते, तर त्या भागात रक्त किती साठतंय हे मोजायचं. करायची पद्धत अशी, पेशंट आत झोपलेला असतो, आम्ही इंजेक्टरनं तीच डाय पण एका दमात सोडतो, सेकंदाला 4-5 मिली, आणि मशिन त्याच वेळी दीड-दोन सेकंदाला एक असे अख्ख्या डोक्याचे फोटो काढत राहतं. डायची लाट मेंदूतनं जाताना सिग्नल धाडकन खाली येतो आणि परत वर चढतो, जिथं रक्त जास्त तिथं खड्डा खोल. त्याचा रंगीत नकाशा होतो, लाल म्हणजे जास्त, निळा म्हणजे कमी, आणि मग गाठीतला आकडा समोरच्या बाजूच्या चांगल्या मेंदूच्या आकड्याशी भागून बघतात.

आता यात गंमत (आमच्यासाठी वैताग) अशी की वॉर्डमधनं पेशंट येतो तो हाताच्या मागच्या बाजूला निळी कॅन्युला लावून. निळी म्हणजे 22 नंबरची बारीक सुई, सलाइनला ठीक आहे, पण त्यातनं सेकंदाला 5 मिली सोडायला गेलं की शीर फुटून हात टम्म सुजतो आणि लाट गेली वाया. त्याला कोपराच्या खळीत हिरवी पाहिजे, 18 नंबरची, शिरा बारीक असतील तर निदान गुलाबी. एकदा नवीन पोरानं निळीवरच भागवलं, लाट अशी लांबडी पसरट आली की नकाशा नुसता चिखल, पेशंटला दुसऱ्या दिवशी परत बोलवायला लागलं आणि त्याच्या मुलानं मला जे सुनावलं ते मी गप ऐकून घेतलं, चूक आमचीच होती.

आणि आकड्यावर किती विसंबायचं ते पण सांगतो. 2003 साली 160 ग्लायोमा पेशंटवर केलेला एक अभ्यास अजून सगळीकडे सांगितला जातो, त्यात 1.75 पट ही रेघ धरली तर हाय ग्रेडच्या 95 टक्के गाठी पकडल्या गेल्या, पण लो ग्रेडला लो ग्रेड म्हणणं फक्त 57.5 टक्क्यांत जमलं. म्हणजे चोर सुटत नाही पण निरपराध लोक पण भरपूर आत जातात. यात ओलिगोडेंड्रोग्लायोमा हा ग्लायोमाचा प्रकार हमखास फसवतो, ग्रेड 2 असला तरी त्याच्यात बारीक रक्तवाहिन्यांची जाळी असते, नकाशावर लालभडक दिसतो आणि घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

स्पेक्ट्रोस्कोपीत फोटो निघत नाही, ग्राफ निघतो, लोकांना तो ईसीजी वाटतो. गाठीवर एक छोटा चौकोनी ठोकळा ठेवायचा आणि त्या ठोकळ्यात कुठली रसायनं किती आहेत ते मशिन सांगतं. एनएए नावाचं रसायन धडधाकट न्यूरॉनचं, कोलीन पेशींच्या आवरणाचं, क्रिएटिन साधारण ऊर्जेचं. चांगल्या मेंदूत ग्राफ डावीकडनं उजवीकडे जिना चढल्यासारखा जातो, शेवटी एनएएचा उंच सुळका. गाठीत न्यूरॉन मेलेले आणि पेशी भराभर वाढत असलेल्या, त्यामुळे कोलीन वर, एनएए खाली, जिना उलटा. त्यापुढं लॅक्टेट किंवा लिपिडचा सुळका दिसला की आत काहीतरी मरतंय असा अर्थ घेतात. पण ठोकळा कवटीच्या हाडाला चिकटला किंवा गाठीत रक्त साकळलेलं असलं की ग्राफ नुसता गवतासारखा येतो, आणि पेशंट हलला तर विचारूच नका. 3 टेस्लाच्या (टेस्ला म्हणजे चुंबकाच्या ताकदीचं माप) मशिनवर ग्राफ 1.5 पेक्षा स्वच्छ येतो, पण 1.5 वर होतच नाही असं काही नाही.

आपल्याकडे स्पेक्ट्रोस्कोपीचा एक उपयोग मला फार मोठा वाटतो, तो म्हणजे टीबी. एक ऊसतोड कामगार आला होता, तिशीतला, फिट येऊन, स्कॅनमध्ये कडेनं चमकणारी गोल गाठ, घरच्यांना कुणीतरी कॅन्सर सांगून ठेवलेलं, बायको बाहेर बाकावर पदर तोंडाशी धरून बसलेली. ठोकळा ठेवला तर नुसता लिपिडचा डोंगर, कोलीन फारसं नाही, पर्फ्युजन थंड, म्हणजे रक्त कमी. मॅडमनी ट्यूबरक्युलोमाची (टीबीच्या गाठीची) शक्यता पहिली लिहिली, डॉक्टरांनी बाकी तपासण्या करून टीबीच्या गोळ्या चालू केल्या, चार महिन्यांनी परत स्कॅनला आला तेव्हा गाठ निम्मी पण नव्हती. दरवेळी असं होत नाही, तुमच्या भावाच्या रिपोर्टात तर थेट ग्लायोमा लिहिलंय.

डिफ्युजन तुमच्या पहिल्या एमआरआयतच झालेलं असणार, त्यात पाण्याचे कण किती मोकळे फिरतायत ते कळतं, पेशी दाटीवाटीनं असल्या की पाणी अडतं. पू झाला असेल तर डिफ्युजनवर तो लख्ख दिसतो, लिम्फोमा (पांढऱ्या रक्तपेशींचा कॅन्सर) पण बऱ्याचदा तसाच. यावरून एक गोष्ट, लिम्फोमाचा संशय असेल तर बायोप्सीच्या आधी स्टिरॉइड देणं जमेल तितकं टाळतात, कारण डेक्सा या स्टिरॉइडच्या इंजेक्शननं ती गाठ विरघळल्यासारखी लहान होते आणि मग तुकड्यात काहीच सापडत नाही. पण सूज जास्त असेल तर द्यायलाच लागतं, तर कुणाचं ऐकून आपल्या मनानं गोळी बंद करू नका. फक्त डेक्सा चालू असेल तर स्कॅनच्या वेळी सांगा, त्यानं चमक पण कमी दिसते.

अजून एक खूण आहे जिला जादा पैसे लागत नाहीत, रिपोर्टात टीटू-फ्लेअर मिसमॅच असं लिहिलंय का बघा, टीटू आणि फ्लेअर हे एमआरआयच्या फोटोंचे दोन प्रकार. गाठ टीटू फोटोत एकसारखी पांढरी आणि फ्लेअरमध्ये तीच आतून काळपट, नुसती कड पांढरी, असं असलं तर मोठ्या माणसांत तो बहुतेक आयडीएच म्युटेशन (आयडीएच नावाच्या जीनमधला बदल) असलेला अॅस्ट्रोसायटोमा निघतो. 2017 मध्ये ही खूण मांडली गेली, ती दिसली तर बरीच भरवशाची, पण नाही दिसली म्हणून काही सिद्ध होत नाही, खूप जणांत दिसतच नाही.

आता ग्रेडचं. 2021 साली डब्ल्यूएचओनं वर्गीकरण बदललं आणि जीन्सच्या तपासण्या त्यात पक्क्या घातल्या. आयडीएच म्युटेशन आहे की नाही हे मोठ्या माणसांच्या ग्लायोमात पहिलं बघतात. ते नसेल आणि टर्ट, ईजीएफआर या जीन्समधले किंवा 7 आणि 10 नंबरच्या क्रोमोसोममधले ठराविक बदल सापडले, तर मायक्रोस्कोपखाली गाठ सौम्य दिसत असली तरी तिला ग्लायोब्लास्टोमा ग्रेड 4 धरतात. तसंच आयडीएच म्युटेशन असलेल्या अॅस्ट्रोसायटोमात सीडीकेएन2ए जीन दोन्हीकडनं उडालेला असेल तर तो पण ग्रेड 4. आता तुम्हीच सांगा, जी गोष्ट मायक्रोस्कोपला दिसत नाही ती माझ्या मशिनला कशी दिसणार? आयडीएच म्युटेशनमुळे गाठीत 2-एचजी नावाचं एक रसायन साठतं आणि ते खास स्पेक्ट्रोस्कोपीनं पकडता येतं हे खरं आहे, पण ते नाजूक काम आहे, रोजच्या सेंटरवर कुणी करत नाही.

मग तुकड्याकडे या. ग्लायोमा म्हणजे सगळीकडनं सारखा पिकलेला आंबा नव्हे, एका टोकाला ग्रेड 2 आणि दोन सेंटिमीटरवर ग्रेड 4 असं एकाच गाठीत असू शकतं. सुई शांत भागात गेली तर रिपोर्ट लो ग्रेड येणार, घरचे पेढे वाटणार, आणि सहा महिन्यांत सगळं उलटणार. म्हणून पर्फ्युजनमध्ये जिथं लाल आणि ग्राफमध्ये जिथं कोलीन सगळ्यात उंच ती जागा नेव्हिगेशनच्या (ऑपरेशनच्या वेळी सर्जनला नेमकी जागा दाखवणाऱ्या) कॉम्प्युटरवर चढवतात आणि सर्जन तिथलाच तुकडा घेतात. परत मशिनमध्ये घालतायत ते मुख्य यासाठी.

उजवा फ्रंटल लोब म्हटल्यावर सर्जन कदाचित फंक्शनल एमआरआय आणि ट्रॅक्टोग्राफी पण मागतील. फंक्शनलमध्ये भावाला आत झोपून डाव्या हाताची बोटं अंगठ्याला टेकवत राहायला सांगतील, थोडा वेळ हलवायची थोडा वेळ थांबायची, मेंदूचा जो भाग त्या तालावर उजळतो तो हात हलवणारा, त्याला सर्जन जपतात. ट्रॅक्टोग्राफीत खाली जाणाऱ्या नसांच्या वायरी गाठीनं ढकलल्यात का आत घेतल्यात ते दिसतं. डाव्या बाजूची गाठ असली की भाषेचं टास्क करतात, मनातल्या मनात शब्द आठवायचे, आणि इथं मी भांडून बदल करून घेतलाय, आधी इंग्रजी अक्षरं दाखवायचे, आमच्याकडच्या शेतकऱ्याला एफ दाखवून काय उपयोग, आता आम्ही "क" वरून शब्द आठवा, भाज्यांची नावं आठवा असं सांगतो, नकाशे एकदम सुधारले.

ऑपरेशन आणि रेडिएशननंतर पण ही नावं परत कानावर येतील. टेमोझोलोमाइड (केमोचं औषध) आणि रेडिएशन संपल्यावर पहिल्या तीनेक महिन्यांत स्कॅनमध्ये चमक वाढलेली दिसते आणि सगळे हादरतात, पण त्यातल्या बऱ्याच वेळा ती नुसती उपचाराची प्रतिक्रिया असते, स्यूडोप्रोग्रेशन म्हणतात. साध्या फोटोत दोन्ही सारखंच दिसतं, पर्फ्युजन थंड असेल तर डॉक्टर धीर धरून पुढच्या स्कॅनची वाट बघतात. तरीही नक्की होत नसेल तर पेट स्कॅन, पण तो नेहमीचा साखरेचा एफडीजी नव्हे, कारण चांगला मेंदूच इतकी साखर खातो की गाठ त्यात हरवते, अमिनो अॅसिडचा लागतो, एफईटी किंवा डोपा. तो गावोगावी नाही, मुंबईसारख्या ठिकाणी मोठ्या सेंटरला विचारायला लागतं.

तुम्ही आत्ता काय करायचं, तर पहिल्या एमआरआयची सीडी घ्या, नुसत्या फिल्म नकोत. पर्फ्युजनच्या आधी क्रिएटिनिनचा (किडनीच्या रक्त तपासणीचा) रिपोर्ट जवळ ठेवा. पहिला आणि दुसरा स्कॅन वेगळ्या सेंटरवर असेल तर सर्जनना विचारून घ्या नेव्हिगेशनसाठी पातळ काप लागतील का, म्हणजे तिसऱ्यांदा जायला नको. आणि खरोखर पैशाची शंका असेल तर सरळ विचारा, "याच्या निकालानं तुमच्या ऑपरेशनच्या प्लॅनमध्ये काय बदलेल?" ज्या डॉक्टरला उत्तर माहीत असतं तो एका वाक्यात सांगतो.

भावाला सांगा स्पेक्ट्रोस्कोपीच्या वेळी पाच-सात मिनिटं डोकं अजिबात हलवायचं नाही, खोकला येत असेल तर आधीच खोकून घ्यायचं. हातात फुगा देतात, भीती वाटली की दाबायचा, आम्ही बाहेर ऐकत असतो. आणि कॅन्युला लावताना सिस्टरना हिरवी लावा म्हणून सांगा, कोपराला.