फिक्सी (चाक फिरतं तोवर पेडलही फिरत राहणारी सायकल) घेतोयस तर
अरे, 48/16 चा (पुढच्या चक्राला 48 दात, मागच्याला 16) हट्ट आधी सोड. पेडलच्या एका फेरीत चाकाच्या तीन. कात्रजच्या चढाला गुडघे शिव्या घालतील. 44/18 लाव, पुढचं पुढे बघू.

चेन ताणताना क्रँक (पेडलचा दांडा) सावकाश फिरवून बघ. चेनरिंग (पुढचं दातेरी चक्र) सहसा अगदी गोल नसते, त्यामुळे चेन एका जागी घट्ट, दुसरीकडे सैल लागते. जिथे सगळ्यात घट्ट, तिथेही बोटाने दाबल्यावर सेंटीमीटरभर हलली पाहिजे. लॉकरिंगचे (मागचं दातेरी चक्र जागेवर धरणारी रिंग) आटे उलटे असतात हं. मी नेहमीसारखी सोडवायला गेलो आणि तिच्या खाचा सोलवटून बसलो.

पुढचा ब्रेक मात्र काढू नकोस, सायकल त्याशिवाय कितीही देखणी दिसली तरी. उतारावर पाय थांबवता येत नाहीत, पेडलच तुला फिरवतं. फ्लिप-फ्लॉप हब (मागच्या चाकाची एक बाजू फिक्स, दुसरी फ्रीव्हील, म्हणजे पाय थांबवता येणारी) असेल तर पहिला महिना फ्रीव्हीलच्या बाजूनेच चालव.