बुरशी लागलेलं घर घ्यायचं की सोडायचं?

आधी एक सांगतो, भिंतीवरची काळी बुरशी बघून घाबरू नका आणि नवीन रंग बघून भुलूही नका. खरा प्रश्न पाणी कुठून येतंय हा आहे. पाइप लीक असेल, छत गळत असेल तर ते दुरुस्त होतं, पण जमिनीतूनच ओल वर चढत असेल तर खर्च कुठे थांबेल सांगता येत नाही, मी तरी अशा घरापासून लांबच राहीन. बुरशीला ओल मिळाली की 24 ते 48 तासांत ती वाढायला लागते, म्हणून गळती बंद न करता नुसतं घासून रंग मारला तर पैसे वायाच.

टाइल्स, काँक्रीट साफ होतं, जिप्सम बोर्ड आणि प्लायवूड भिजून बुरशी आत गेली असेल तर काढूनच टाकावं लागतं. लाकडी तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. स्लॅबच्या सळया गंजून काँक्रीट सुटत असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय टोकन अजिबात देऊ नका प्लीज. आणि घरात कुणाला दमा असेल तर काम पूर्ण होईपर्यंत तिथे राहायचा विचारही नको.